वाडीत उरलेली अकरा माणसं

दिवाळी सरली की खोडाळ्याच्या पुढच्या कातकरवाडीखाली ट्रक येऊन थांबतो. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही. माणसं डोक्यावर पातेली, गोधड्या, खुराड्यातल्या कोंबड्या घेऊन अर्धा तास टेकडी उतरतात आणि लेकराबाळांसकट ट्रकमध्ये चढतात. भिवंडीकडच्या, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर पांगलेली ही माणसं होळीला चार दिवस तोंड दाखवून जातात आणि पावसाळा तोंडावर आला की परततात. गोदी जवळजवळ चाळीस वर्षं त्या ट्रकनं गेली होती. लग्न झालं त्या साली गेली, पोटुशी असताना गेली, उमेशला पाठीशी बांधून गेली. त्यामुळे स्वतःची वाडी थंडीच्या दिवसांत कशी दिसते हे तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी ती पहिल्यांदाच मागं राहिली, कारण नवरात्रानंतर आठच दिवसांत तिचा नवरा जैतू गेला.

जैतू गेला तो असा. खोडाळ्यातल्या एका शेतकऱ्याकडे भातकापणी चालू होती. सकाळी कामाला निघण्याआधी तो दारात उकिडवा बसून कोरा चहा पीत होता. चहा त्याच्या ओठाच्या डाव्या कडेनं गळाला आणि छातीवर ओघळला. उमेश हसला, "बाबा, सकाळीच लावून आलास का काय?" जैतूही हसला, पण अर्ध्याच तोंडानं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. दुपारी त्याच्या हातातला विळा पडला आणि तो उचलायला हात वळेना. संध्याकाळपर्यंत जीभ जड झाली. भगताला बोलावलं. त्यानं तांदळाचे दाणे मांडून पाहिले, कोंबडं मागितलं. दुसऱ्या दिवशी डोलीत घालून खाली आणला आणि जीपनं जव्हारच्या दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरनं गोदीला विचारलं, "यांचं बीपी आधी कधी तपासलं होतं का?"

"बीपी म्हंजे काय?" गोदीनं विचारलं.

डॉक्टर बाई तरुण होती. तिनं नीट बसून सांगितलं, की अंगातलं रक्त फार जोरानं वाहायला लागलं की डोक्यातली शीर फुटते किंवा तुंबते. आधी काही दुखत नाही, खुपत नाही. तोंड वाकडं झालं तेव्हाच, दोन-तीन तासांत आणलं असतं तर काही करता आलं असतं. गोदीनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी जैतू गेला. दिवस घातल्यावर उमेश ग्रामपंचायतीत नोंद करायला गेला, तेव्हा मरणाचं कारण काय म्हणून विचारलं. उमेश म्हणाला, "म्हातारा होता." तेच लिहिलं गेलं, वृद्धापकाळ.

जैतूचं खरं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. आधार कार्डावर एक जानेवारी ही तारीख होती, पण वाडीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचा जन्म एक जानेवारीचा आहे. कार्ड काढणाऱ्यानं अंदाजानं लिहिलं. त्या हिशेबानं जैतू अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि हातातून विळा पडायच्या आदल्या दिवशी त्यानं भाताचे भारे पाठीवर घेऊन खळं गाठलं होतं.

उमेश आईला म्हणाला, "आये, चल भट्टीवर. इथं एकली काय करशील?"

"नाय येत," गोदी म्हणाली. का नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदी उठून बाहेर आली, तर वाडीत धूर फक्त सहा-सात झोपड्यांवर. बाकीच्या दारांना काट्याच्या फांद्या लावलेल्या. कुणाची हाक नाही, लेकराचं रडणं नाही. तिनं मोजलं. तिला धरून अकरा माणसं उरली होती, सगळी म्हातारी. तुका डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन भिंतीला धरून चालणारा. सुकऱ्या रात्रंदिवस खोकणारा. जैतूची बहीण, म्हणजे गोदीची नणंद हिरी, गुडघे धरलेली पण तोंडानं तरतरीत. आणि अशीच आणखी. तेव्हा गोदीला तिची सासू आठवली. चंदना तिचं नाव. अशाच एका हिवाळ्यात ती वाडीत वारली होती. होळीला भट्टीवरून परतल्यावर कुणीतरी ओढ्यापलीकडं बोट दाखवून सांगितलं, "तिथं ठेवली." गोदी आणि जैतू तिथं जाऊन रडले. ती कशानं गेली, किती दिवस पडून होती, पाणी द्यायला कोण होतं, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही.

गोदी सुईण होती. वाडीतली आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची बरीचशी तरणी माणसं तिच्या हातावर या जगात आली. पुढं बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, ते बरंच झालं असं ती स्वतःच म्हणे, कारण दोन बाया तिच्या हातून सुटल्या होत्या आणि त्या ती विसरली नव्हती. पण हातांना सवय राहिली होती. कुणी समोर आलं की तिची नजर आधी डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडं, मग नखांकडं, मग पायाच्या घोट्याकडं जाई.

पंधरा दिवसांनी आशाताई सपना वर आली. ओढ्यापलीकडच्या ठाकरपाड्यातली ही मुलगी. तिच्याबरोबर उपकेंद्राच्या सिस्टर होत्या आणि पिशवीत बीपीचं मशीन होतं. उंबराखाली सगळ्यांना बसवलं. गोदीच्या दंडाला पट्टा बांधला, तो फुगला, सैल झाला. सिस्टरनं पुन्हा एकदा बांधला.

"मावशी, तुमचं बीपी खूप आहे. गोळी चालू करू या. रोज एक, चुकवायची नाही."

"मला काय होत नाय," गोदी म्हणाली. "डोंगर चढते, लाकडं आणते. गोळी कशाला?"

सपना हळूच बोलली, "जैतूकाकांना पण काय होत नव्हतं."

 गोदीनं हात पुढं केला आणि गोळ्यांची पट्टी घेतली. मग सिस्टरना म्हणाली, "हे हिरीला बांध. तुक्याला पण बांध. त्यो सुकऱ्या येत नाय म्हणतो, त्याला मी आणते."

तेव्हापासून गोदीनं एक काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी गोळी गिळून झाली की ती झोपडी-झोपडी फिरे. रात्री झोप लागली का, लघवीला किती वेळा उठावं लागलं, काल काय खाल्लं, असं विचारी. पाय दाबून पाही. बोट दाबल्यावर खड्डा राहिला की सपनाला निरोप पाठवी. एका म्हातारीच्या गालात मशेरीनं पांढरा चट्टा पडला होता तो तिनंच ओळखला. चूल पेटवताना धुरात तोंड घालून फुंकू नका म्हणून ती सगळ्या बायकांच्या मागं लागली. पण तिच्या स्वतःच्या झोपडीतही धूर जायला वाट नव्हती, हे तिला दिसत होतं. तिनं कुडाची एक बाजू हातभर मोकळी केली. थंडी आत यायची, पण धूरही बाहेर जायचा.

सुकऱ्याचा खोकला सगळ्या वाडीच्या कानांना सवयीचा झाला होता. म्हातारखोकला म्हणायचे. एका सकाळी तो उन्हाला बसला होता आणि गोदीची नजर त्याच्या कमरेकडं गेली. करगोट्याला त्यानं एकाला लागून एक अशा तीन गाठी मारल्या होत्या.

"हे कधी केलंस?" तिनं विचारलं.

"काय?"

"करगोटा. सैल झाला म्हणून गाठी मारल्यास ना? कधी?"

"एक दसऱ्याला. एक दिवाळीला. एक आता." सुकऱ्या म्हणाला आणि खोकायला लागला. "म्हातारा माणूस सुकतोच, गोदे."

"म्हातारा माणूस तीन महिन्यांत तीन बोटं सुकत नाय. संध्याकाळी अंग तापतं का?"

सुकऱ्यानं तोंड फिरवलं, तसा गोदीनं सपनाला निरोप धाडला. सपनानं बेडका तपासायला डबी आणून दिली. सुकऱ्यानं दोन दिवस ती कोंबडीच्या खुराड्यावर ठेवली. तिसऱ्या दिवशी गोदी त्याच्या दारात बसून राहिली, डबी भरल्याशिवाय उठली नाही. आठवड्यानं निकाल आला, टीबी. सहा महिने गोळ्या. पहिल्या महिन्यात त्याला मळमळे, लघवी लाल होई, आणि तो गोदीला शिव्या देई.

"हे गिळून मला कुणाच्या लग्नात नाचायचं हाय?"

"नाच नको. गिळ."

रोज सकाळी तो गिळेपर्यंत ती समोर उभी राही आणि नंतर "तोंड उघड" म्हणे. तो तोंड उघडी, जीभ बाहेर काढी आणि वर आणखी एक शिवी देई.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी हिरी पडली.

वाडीचं पाणी खालच्या झऱ्यावरून यायचं. वाट उताराची, दगड गुळगुळीत, आणि पहाटेच्या दवानं ओले. हिरीच्या दोन्ही डोळ्यांत पडदा यायला लागला होता, गुडघे वाकत नव्हते, तरी पाण्याला ती स्वतः जाई. कुणावर भार नको म्हणे. हंडा भरून वर येताना पाय सरकला. गोदीनं हंड्याचा आवाज ऐकला आणि धावली. हिरी वाटेत आडवी पडली होती. एक पाय बाहेरच्या अंगाला वळला होता आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता.

"उठव मला, वयनी."

"हलू नको. अजिबात हलू नको."

तरणं माणूस वाडीत एकही नव्हतं. गोदीनं बांबू आणला, चादर बांधून डोली केली. उचलायला चार म्हातारी माणसं लागली. पुढं गोदी आणि सुकऱ्या, मागं दोघी बायका. सुकऱ्याचा श्वास पुरत नव्हता. दर वीस पावलांवर डोली टेकवायची, खोकून घ्यायचं, पुन्हा उचलायची. तुक्यानं काही दिसत नसताना पुढं काठी आपटत चालून वाटेतले सुटे दगड बाजूला केले. अर्ध्या तासाच्या वाटेला अर्धा दिवस गेला. डोली खाली टेकली की हिरी ओरडायची, मग त्यांना म्हणायची, "तुमीच मराल माझ्यापायी."

जव्हारला फोटो काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात, नाशिकला करावं लागेल म्हणाले. हिरीचा मुलगा रोहिदास मुकादमाशी भांडून भट्टीवरून आला, बायको सुषमालाही घेऊन. डॉक्टरनं त्याला समजावलं, सपनानं समजावलं, गोदीनं तर हात जोडले. पण हिरी ऐकेना. तिचा एक दीर नाशिकला नेला होता तो तिकडंच वारला होता.

"मला घरी ने, रोहिदास. माझ्या झोपडीत ने. परक्या गावात मला मारू नको."

रोहिदासला आईचा शब्द मोडवेना. तिला वर आणली.

निघताना डॉक्टरनं गोदीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता हाडापेक्षा पडून राहण्याचाच धोका जास्त. पाठ फुटेल, छातीत कफ साचेल. दर दोन तासांनी कूस बदला. बसवता येईल तेवढं बसवा. दीर्घ श्वास घ्यायला लावा." गोदीला घड्याळ कळत नव्हतं. सुषमाच्या मोबाईलवर दर दोन तासांनी वाजेल असं लावून घेतलं. तो वाजला की दोघी मिळून हिरीला वळवायच्या. पाठीला खोबरेल लावायच्या, खाली मऊ फडकी घालायच्या. गोदी तिला फुंकर घालायला लावायची, बाळंतिणीला कळा देताना सांगायची तशी. "जोरानं. आणखी. आता सोड."

एक दिवस कूस बदलून झाल्यावर हिरी म्हणाली, "वयनी, मी मरायला नाय भ्याले. हे असं पडून राहायला भ्याले. लुगड्यात घाण होते आणि सून धुते, याची मला लाज वाटते."

"तिची पोरं मी काढली, तिची घाण मी धुतली. त्यात कसली लाज?"

 हिरीनं विचारलं, "दादाला पण असंच झालं असतं का? जगला असता तर?"

"कुणास ठाऊक. एक बाजू गेली होती त्याची. पण बोलायला शिकला असता कदाचित. डॉक्टरीण म्हणाली, काही लोक शिकतात."

"मग तू त्याला वळवला असतास."

"वळवला असता," गोदी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. जैतू गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. हिरीनं पडल्या पडल्या तिचा हात धरला.

तीस दिवस गेले तरी पाठ फुटली नाही. सिस्टरनं पाहून शाबासकी दिली. पण चौतिसाव्या दिवशी ताप भरला, श्वास उथळ झाला, छातीत घरघर सुरू झाली. सपनानं ॲम्ब्युलन्सला फोन केला, रोहिदासनं डोली बांधली, पण हिरीनं बांबूला धरून नाही म्हणून मान हलवली. औषध चालू होतं, तरी चार दिवसांत ती गेली. दुपार होती. गोदीच्या मांडीवर डोकं होतं. गोदीनं तिचे डोळे मिटले, तिला न्हाऊ घातलं आणि पाठ पुन्हा एकदा पाहिली. ती अखंड होती.

होळीला माणसं आली, पण त्या घरापुढं ढोल वाजला नाही.

होळीनंतर रोहिदास नोंदीला निघाला तेव्हा गोदी म्हणाली, "मी पण येते." ग्रामसेवक भला माणूस होता. त्यानं दोघांना बसायला सांगितलं, नाव-गाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्याशी आल्यावर न विचारताच पेन चालवायला घेतलं.

"काय लिवता, भाऊसाहेब?" गोदीनं विचारलं.

"वृद्धापकाळ."

"ती म्हातारपणानं नाय गेली."

ग्रामसेवकानं मान वर केली.

"झऱ्यावर पडली," गोदी म्हणाली. "डोळ्यांत पडदा होता, त्याचं ऑपरेशन झालं नव्हतं, म्हणून दगड दिसला नाय. खुबा मोडला. अडतीस दिवस पडून होती. मग छातीत कफ झाला, ताप आला, त्यानं गेली. हे लिवा. वाट ओली होती ते पण लिवा."

"मावशी, एवढं या रकान्यात मावत नाही. आणि डॉक्टरचा कागद लागतो."

रोहिदासनं जव्हारच्या दवाखान्याचा कागद काढला. सपनानं सिस्टरकडून आणून दिलेली चिठ्ठीही पुढं केली, तीत न्यूमोनिया लिहिलं होतं. ग्रामसेवकानं दोन्ही वाचले. मग बारीक अक्षरात, रकान्याबाहेर जाऊ न देता, बराच वेळ लिहिलं आणि वाचून दाखवलं. गोदीनं ऐकून मान डोलावली. नंतर तिनं विचारलं, "माझ्या नवऱ्याचं पण बदलता येईल का? त्याचं बीपी होतं."

"झालेली नोंद आता तशी बदलता येत नाही, मावशी. त्याला कागद लागतील."

दवाखान्यातून मिळालेले कागद दिवसांच्या वेळी जैतूच्या कपड्यांबरोबर टाकले गेले होते. गोदी उठली. 

पण ग्रामसेवक ओल्या वाटेचं ते बोलणं विसरला नाही. पुढच्या ग्रामसभेत त्यानं झऱ्याच्या वाटेचा विषय घेतला. मंजुरी यायला वेळ लागणार होता, म्हणून पावसाआधी भट्टीवरून परतलेल्या पोरांनी, रोहिदास मागं लागला म्हणून, स्वतःच पायऱ्या खोदल्या आणि धरायला बांबू रोवले. तुक्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन शिबिरात झालं. पट्टी काढल्यावर तो गोदीला म्हणाला, "तू एवढी म्हातारी झालीस?" सुकऱ्याच्या गोळ्या आषाढात संपल्या. मशेरीवाल्या म्हातारीचा चट्टा मात्र वाईट निघाला. तिला ठाण्याला नेलं, आणि ती भाद्रपदात गेली. गोदी शेवटपर्यंत तिच्याजवळ होती.

पुन्हा दिवाळी सरली. ट्रक यायच्या आदल्या दिवशी गोदीनं सपनाला निरोप धाडला, सिस्टरना आणि मशीन घेऊन ये. म्हातारी माणसं उंबराखाली येऊन बसली, तसं ती म्हणाली, "तुमची नंतर. आज जाणारांची." तिशी ओलांडलेल्या सगळ्यांना तिनं रांगेत उभं केलं. पोरं हसत होती, एकमेकांचे दंड चाचपत होती. चौघांचं जास्त निघालं. चौथा उमेश.

"आये, मी काय म्हातारा हाय?" उमेश म्हणाला. त्याला अडतिसावं चालू होतं.

गोदीनं त्याच्याशी वाद घातला नाही. सिस्टरकडून तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घेतल्या, एका डब्यात घातल्या आणि डबा त्याच्या हातात न देता सुनेच्या, कविताच्या हातात दिला. "रोज सकाळी. तोंड उघडून बघायचं," तिनं कविताला सांगितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, की यंदा एक तरी तरणं जोडपं वाडीत राहिलं पाहिजे. डोली उचलायला माणूस नसलं तर आम्ही उरलेल्या नऊ जणांनी काय करायचं?

 भट्टी सोडणं सोपं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. शेवटी रोहिदास म्हणाला, "यंदा आम्ही राहतो. पुढल्या साली दुसरं कुणी राहा." सुषमानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी माणसं टेकडी उतरून गेली. ट्रकचा आवाज वळणापर्यंत येत राहिला, मग थांबला. गोदीनं पाण्याबरोबर आपली गोळी घेतली, काठी उचलली आणि सुकऱ्याच्या झोपडीकडं निघाली. काल संध्याकाळपासून तो पुन्हा खोकत होता. आता सवयीनं खोकतोय की आणखी काही, ते तिला बघायचं होतं.